वारा फिरायच्या आत

आश्विनात सडा साडेसहालाच तापायला लागतो.
गवताला हिरवं म्हणवत नाही,
पिवळं म्हणायला अजून आठ दिवस आहेत.
कातळाच्या खळग्यात पावसाचं उरलेलं पाणी,
कडेच्या चिखलात खूर, दोन बोटांएवढे.
धाकू माटवकराने त्यात करंगळी घालून पाहिली.
"आताच गेला हा," म्हणाला.

मी चौदा वर्षांचा.
बंदूक वडिलांची, ठासणीची,
परवान्यावर लिहिलेलं: शेतीच्या रक्षणाकरिता.
शेती म्हणजे पऱ्ह्याकाठचे चार कुणगे,
आणि त्यातल्या लोंब्या भेकराने वरच्यावर खुडलेल्या,
न्हाव्याने मिशी कातरावी तशा, बेताने.

"धा वाजासर काय ता. मगे वारो फिरतलो."

तोवर वारा डोंगराकडून दर्याकडे,
आपला वास जातो तो म्हावऱ्याकडे.
दहानंतर खारा वारा चढतो
आणि तुझ्या काखेतला घाम
तुझ्या आधी रानात जाऊन सांगतो, आला.

करवंदीच्या जाळीत बसलो.
ओंबील मानेवर चढली, चावली. हलायचं नाही.
पापणीवरून थेंब डोळ्यात उतरला, खारट,
मिटायचं नाही.
असं बसल्यावर काय होतं
ते मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.
सुक्या पानावरून सरडा गेला
तर तो सरडाच, हे मानेला कळतं.
खाली खाडीत कुणी वल्हं टाकलं
तेही पोटात ऐकू येतं.

आधी कान आला.
मग बराच वेळ नुसता कानच.
मग बाकीचं भेकर, पाण्याकडे,
तांबूस, घामेजलेलं, माझ्यासारखंच तहानलेलं.

बार वाजला तेव्हा मी तिथे नव्हतो.
नंतर धूर होता,
काथ्याचा बोळा गवतात धुमसत होता,
आणि त्या धुरात कुठेतरी मी.

उन्हात मेलेलं थांबत नाही.
धाकू धावला, तरी माशी आधी पोचली.
त्याने सुरी घातली आणि वाफ आली,
एवढ्या उकाड्यातही वाफ.
कुड्याच्या पानावर काळीज माझ्या हातात दिलं,
"धर."
मी धरलं.
ओल्या गोणपाटात बांधून, सावली बघत बघत,
बारा वाजायच्या आत खाली.

वाटे अकरा.
एक राखणदाराच्या दगडाला,
एक पाय सुलभा सुईणीला, तिचा हक्कच होता,
आणि हाकारा घातला नव्हता तरी
कुत्र्यालाही त्याचं मिळालं.

आता पुतणी शर्वाणी विचारते, का मारायचात?

म्हटलं, भात खायचं.
पण भेकराने खाल्लं असेल पायलीभर,
दारूगोळ्याला त्याहून जास्त गेले.
म्हटलं, मटण कुठे मिळायचं तेव्हा.
पण बंदरावर बांगडा टोपलीने पडलेला असायचा.
मर्दुमकी म्हणावं
तर त्या रात्री मी अंगणात ओकलो,
आणि सकाळी उरलेला रस्सा भाकरीशी खाल्ला.
"मग?" ती म्हणाली.
मी म्हटलं, वारा कुठून येतोय
हे तेव्हा आम्हाला ठाऊक असायचं.
तिने मान हलवली. पटलं नाही तिला.
मलाही अर्धंच पटतं.

धाकू गेला. बंदूक देवगडच्या ठाण्यात जमा,
निवडणूक आहे.
परत आणायला जाईन की नाही, सांगता येत नाही,
आणि कायदाही आता वेगळा, ते ठीकच.

परवा पहाटे उगाच सड्यावर गेलो.
गुडघे बसेनात म्हणून दगडावर टेकलो.
खळग्यात पाणी होतं.
आधी कान आला.
आणि माझ्या रिकाम्या उजव्या हाताची तर्जनी
मला न विचारता वाकली.

हे मी शर्वाणीला सांगितलेलं नाही.

पाणी पिऊन होईतो ते पीत राहिलं.
मग दहा वाजले असावेत.
मानेवरचा घाम गार झाला,
आणि माझा वास
माझ्या पुढे चालू लागला.